एसएसटीव्ही चित्र पुन्हा पुन्हा तिरपं येतंय? आधी लॅपटॉप कुठल्या कानाने ऐकतोय ते बघा

एसएसटीव्ही म्हणजे रेडिओवरून सुरांच्या रूपात एकेक स्थिर चित्र पाठवायची हौशी लोकांची पद्धत. त्यात वरून सरळ सुरू झालेलं चित्र खाली येता येता उजवीकडे कलंडतं. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाऊन साउंड कार्डचं घड्याळ जुळवलं की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तिरपं, आणि या वेळी डावीकडे. शिवाय चित्रभर बोटाच्या पेराएवढे रंगीत ओरखडे, काही हिरवे, काही जांभळट. माझ्याकडे हे दुखणं मार्चमध्ये सुरू झालं आणि मे संपेपर्यंत चाललं. त्या तीन महिन्यांत मी तारेतला विजेचा गोंगाट अडवणारे फेराइटचे मणी आणले, अँटेनाची केबल बदलली, सोलापूरच्या उन्हात गच्चीवर चढून कनेक्टर पुन्हा सोल्डर केले. दोष यातल्या एकाही जागी नव्हता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तशातली गत.

हेच दुखणं आणखी दोघांकडे निघालं म्हणून सविस्तर लिहितोय. घाई असेल त्यांनी एवढंच करा: चित्र येत असताना लॅपटॉपजवळ जोरात टाळी वाजवा. टाळी चित्रात उमटली तर खालचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

माझी मांडणी साधी आहे. घर साखर पेठेत, मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाची शेड. दोन मीटरच्या हौशी पट्ट्यावरचा एफएम रेडिओ, त्याच्या मागच्या डेटा सॉकेटमधून एक तार निघते ती यूएसबी साउंड कार्डात, म्हणजे बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या त्या बोटभर डोंगलमध्ये. डोंगल एका हबला, हब लॅपटॉपला. लॅपटॉपवर सुरांचं चित्र करणारा एमएमएसएसटीव्ही हा प्रोग्रॅम. जुळे सोलापुरातला एक मित्र रोज संध्याकाळी मार्टिन १ या चित्रप्रकारात दोन-तीन चित्रं पाठवतो आणि मी घेतो. त्या दिवसांत मी फक्त घेतच होतो, कारण पाठवायची केबल अर्धवट पडली होती. त्या आळसाची किंमत पुढे कळेल.

तिरपेपणा कुठून येतो ते आधी बघू, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. एसएसटीव्हीत चित्र म्हणजे नुसता सूर. काळ्यासाठी १५०० हर्ट्झ, पांढऱ्यासाठी २३०० हर्ट्झ, मधल्या छटा मधल्या सुरात, आणि ओळ सुरू झाल्याची खूण १२०० हर्ट्झची. १९५७-५८ च्या सुमारास केंटकी विद्यापीठात शिकणाऱ्या कॉप्थॉर्न मॅकडॉनल्डने ही पद्धत उभी केली तेव्हा १२० ओळींचं काळं-पांढरं चित्र आठ सेकंदांत जायचं आणि रेंगाळत चमकणाऱ्या नळीवर, खोलीत अंधार करून बघावं लागायचं. आज मार्टिन १ मध्ये ३२० बाय २५६ चं रंगीत चित्र ११४ सेकंदांत येतं. एका ओळीला ४४६.४ मिलिसेकंद लागतात. त्यात आधी हिरवा, मग निळा, मग लाल असे तीन रंग एकामागून एक येतात. एका पिक्सेलच्या वाट्याला ०.४५७६ मिलिसेकंद. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे सगळं यावरच तोलायचं आहे.

घेणारा संगणक ओळी मोजतो साउंड कार्डच्या घड्याळावर. प्रोग्रॅमला वाटतं की कार्ड सेकंदाला आवाजाचे ११०२५ नमुने देतंय. कार्ड प्रत्यक्षात थोडे जास्त देत असेल, तर खरी ओळ प्रोग्रॅमच्या मापापेक्षा किंचित लांब भरते, पुढची ओळ जरा उशिरा सुरू होते आणि चित्र खाली उजवीकडे सरकत जातं. कार्ड मंद असेल तर डावीकडे. दहा लाखांत शंभर, म्हणजे १०० पीपीएम, एवढी चूक ११४ सेकंदांत ११.४ मिलिसेकंदांची होते, म्हणजे २५ पिक्सेल. घड्याळाच्या हिशोबात १०० पीपीएम म्हणजे दिवसाला साडेआठ सेकंद. मनगटावरच्या घड्याळात ते आठवड्यानंतर लक्षात येईल, इथे दोन मिनिटांत डोळ्यांत भरतं.

माझा तिरपेपणा एकदा नीट मोजला तर वरपासून खालपर्यंत ४९ पिक्सेल निघाला. २२.४ मिलिसेकंद, १९६ पीपीएम. मला पहिला संशय उन्हाचा आला. मे महिना, बाहेर ४३ अंश, पत्र्याखालची खोली. म्हटलं क्रिस्टल तापला असेल. पण क्वार्ट्झचा क्रिस्टल खोलीच्या तापमानात दहा-वीस अंशांनी फार तर काही पीपीएम सरकतो. १९६ पीपीएम सरकायला त्याला तव्यावर ठेवावा लागेल. शिवाय उन्हाने घड्याळ एकाच बाजूला जाईल. आज उजवीकडे, पुढच्या आठवड्यात डावीकडे, असं कसं होईल? हा प्रश्न मी स्वतःला मार्चमध्ये विचारला असता तर मे महिना वाचला असता.

मग ओरखडे. ते मला सरळसरळ विजेचा त्रास वाटत होते. मागे माग, मागाला मोटर, मोटरला जुने स्टार्टर. दुसरं काय असणार? मित्राचंही तेच मत. "काय बे, माग बंद कर म्हणावं अर्धा तास," एवढा सल्ला देऊन तो मोकळा. पण विजेचा त्रास चित्रात कसा दिसतो ते मला माहीत होतं. ५० हर्ट्झच्या लाइनचा आवाज बहुधा १०० हर्ट्झच्या ठोक्यांनी येतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे दर २२ पिक्सेलवर एक बारीक पट्टी, कंगव्याच्या दातांसारखी. माझ्या चित्रात असलं काही नव्हतं. एका ओळीत एकच ओरखडा होता.

एका रात्री चित्र मोठं करून ओळी मोजत बसलो. एका ओळीतल्या हिरव्या भागात ओरखडा. खालच्या ओळीत तोच, पण ३३ पिक्सेल उजवीकडे. त्याच्या खाली पुन्हा ३३. दहाएक ओळींत तो हिरव्यातून बाहेर पडायचा आणि निळ्यात शिरायचा, मग लालमध्ये, आणि साधारण तिसाव्या ओळीला पुन्हा हिरव्यात हजर. म्हणून ओरखड्यांचे रंग बदलत होते. ३३ पिक्सेल म्हणजे १५.१ मिलिसेकंद. म्हणजे जे काही ठोका देत होतं ते एका ओळीच्या ४४६.४ मिलिसेकंदांवर आणखी १५ घेऊन, दर ४६१.५ मिलिसेकंदांनी ठोका देत होतं. साठ सेकंदांना भागलं तर मिनिटाला बरोबर १३०.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या शेडमध्ये गेलो. तिथले अण्णा जॉबर आहेत, उभं आयुष्य माग लावण्यात गेलेलं. विचारलं, "अण्णा, भिंतीकडचा माग मिनिटाला किती ठोके मारतो?" त्यांनी मागाकडे न बघताच सांगितलं, "एकशेतीस. नवा पट्टा टाकल्यापासून दोन-चार जास्त असतील. का, आवाज होतोय काय?"

आवाज. अण्णांनी विचारलं ते काळजीने, पण माझं उत्तर त्या एका शब्दात होतं. मोटरची वीज मिनिटाला १३० वेळा काही करत नाही. मिनिटाला १३० वेळा आपटते ती फणी आणि धोटा. हे हवेतून येत होतं, भिंतीतून, खडाक खडाक करत. आणि हवेतला आवाज चित्रात यायचा तर कुठेतरी माइक उघडा असणार.

त्या संध्याकाळी चित्र सुरू असताना टाळी वाजवली. ओळीत टाळी उमटली. आईला म्हटलं कुकर लाव. तिसरी शिट्टी झाली तेव्हा मित्राच्या सिद्धेश्वर तलावाच्या फोटोत पाण्यावर सात-आठ ओळींचा चट्टा पडला. माझा लॅपटॉप तारेतून ऐकतच नव्हता. त्याच्या स्वतःच्या पोटातल्या माइकने, रेडिओच्या स्पीकरमधून खोलीत घुमणारा सूर ऐकत होता, आणि मागही, आणि कुकरही. मला स्पीकर चालू ठेवायची सवय, त्या टुईंटुईंशिवाय एसएसटीव्हीची मजाच नाही, म्हणून चित्र येतच राहिलं आणि शंका आली नाही. पाठवत असतो तर पहिल्याच दिवशी कळलं असतं: सूर रेडिओत न जाता लॅपटॉपच्या स्पीकरमधून वाजला असता.

आता हे पुन्हा पुन्हा का व्हायचं? हबला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर होता आणि तो टेबलाच्या बोर्डात. आमच्या इनव्हर्टरवर पंखे आणि दिवे आहेत, टेबलाचा बोर्ड नाही. उन्हाळ्यात वीज क्षणभर जाऊन यायची. लॅपटॉपला बॅटरी, त्याला पत्ता नाही. हब मात्र दचकायचा, डोंगल सुटून पुन्हा जोडलं जायचं आणि तेवढ्यात विंडोज पोटातल्या कार्डावर जायचं. प्रोग्रॅम त्याच्या मागोमाग, आणि डोंगल परत आलं तरी तो तिथेच बसलेला.

दोन कार्डं, दोन घड्याळं. माझं डोंगल ११०२४.६० वर जुळतं, पोटातलं कार्ड ११०२६.७६ वर. वीज गेली की चित्र उजवीकडे कलायचं. मी घड्याळ ११०२६.७६ करायचो, चित्र सरळ. मग कधीतरी लॅपटॉप बंद करून चालू केला की डोंगल परत कामावर, आणि आता चित्र डावीकडे. मी पुन्हा दुरुस्ती करायचो. म्हणजे दुरुस्ती अचूक होती, फक्त प्रत्येक वेळी दुसऱ्याच कार्डासाठी.

तर उपाय. पहिला, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या यादीत पोटातला माइक डिसेबल करून टाका. ऑनलाइन बैठकीला लागतो म्हणून टाळू नका, तेव्हा पुन्हा चालू करा. दुसरा, प्रोग्रॅममध्ये साउंड कार्ड "डीफॉल्ट" वर न ठेवता नावाने निवडा. इथे एक खोड आहे: तेच डोंगल दुसऱ्या यूएसबी खाचेत घातलं की विंडोज त्याला नवीन समजून नावाआधी २ किंवा ३ चा आकडा लावतं आणि तुमची निवड हवेत राहते. खाच ठरवून टाका. मी नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. तिसरा, डोंगल हबला नको, थेट लॅपटॉपला. एवढ्यानेच माझं निम्मं काम झालं.

माइकच्या गुणधर्मांत "ऑडिओ एन्हान्समेंट" किंवा आवाज स्वच्छ करणारं जे काही असेल ते बंद करा, डोंगलसाठीसुद्धा. या सोयी माणसाचं बोलणं ओळखून बाकीचं दाबतात, आणि एसएसटीव्हीचा सलग सूर त्यांना पंख्याची घरघर वाटते. चित्र सुरू व्हायच्या आधीचा १९०० हर्ट्झचा सूर दाबला गेला तर चित्राचा प्रकार ओळखलाच जात नाही आणि प्रोग्रॅम ढिम्म बसून राहतो.

हे झाल्यावरच घड्याळ जुळवा. शॉर्टवेव्ह रेडिओ असेल तर चीनचं बीपीएम हे वेळेचं केंद्र १० मेगाहर्ट्झवर रात्री बऱ्यापैकी लागतं. त्याचे सेकंदाचे ठोके एमएमएसएसटीव्हीच्या घड्याळाच्या खिडकीत एकाखाली एक दिसतात. रेघ तिरपी असेल तर तिची दोन टोकं दाखवली की प्रोग्रॅम आकडा काढतो. शॉर्टवेव्ह नसेल तर चार-पाच वेगवेगळ्या लोकांची चित्रं घ्या आणि तिरपेपणा मोजा. सगळी एकाच बाजूला सारखी कलत असतील तर चूक तुमची; एकच कलत असेल तर त्याची. एकाच्या चित्रावरून घड्याळ फिरवू नका, त्याची चूक तुमच्या गळ्यात पडते.

आणि स्वतःचं चित्र स्वतःलाच पाठवून "सरळ आलं" असं समाधान करून घेऊ नका. पाठवणारं आणि घेणारं कार्ड एकच असेल तर घड्याळ कितीही चुकीचं असो, चित्र सरळच येणार. मी यात एक रविवार घालवला आहे.

आपोआप तिरपेपणा काढायची सोय असताना एवढा खटाटोप कशाला, असं कुणीतरी विचारणारच. ती सोय चांगली आहे, पण ती ओळींच्या खुणांवर चालते. आवाज जास्त असला की तीच फसते आणि मधूनच चित्र वाकडं करून ठेवते. त्याहून वाईट म्हणजे ती लक्षण झाकते. ती चालू असती तर मला फक्त ओरखडे दिसले असते आणि मी अजून गच्चीवर असतो.

तिरपं आणि तुटकं यांत गल्लत करू नका. चित्र सरळ येता येता एका ओळीवर एकदम पायरीसारखं सरकलं आणि पुढे पुन्हा सरळ गेलं, तर ते घड्याळ नव्हे. लॅपटॉप तेवढ्या वेळात दुसऱ्या कामात गुंतला आणि नमुने गळले. ब्राउझर बंद करा, बॅटरी वाचवायचा मोड काढा. चित्राचे सगळेच रंग उजळ किंवा मळकट येत असतील आणि तुम्ही १४.२३० मेगाहर्ट्झवर एसएसबी या शॉर्टवेव्हवरच्या पद्धतीत ऐकत असाल, तर रेडिओ नीट लावलेला नाही: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळं मिळून ८०० हर्ट्झ, त्यात १०० ने चुकलात की उजेड आठव्या हिश्शाने बदलला. एफएमवर हा प्रश्न येत नाही.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून चित्रं येतात तेव्हाही हेच. डॉप्लरने, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झ इकडेतिकडे होते, पण एफएम असल्याने रंग बिघडत नाहीत, फक्त कडेला गोंगाट वाढतो. तिथे बहुतेक वेळा पीडी १२० या प्रकारचं चित्र असतं, १२६ सेकंदांचं. स्थानक आपल्या डोक्यावरून जास्तीत जास्त दहा मिनिटं असतं, तेवढ्यात दोन-तीन चित्रं हाती लागतात. गच्चीवर मोबाइलमध्ये रोबोट३६ हे एसएसटीव्हीचं अ‍ॅप उघडून रेडिओसमोर धरणाऱ्यांना माइकशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी निदान बोलू नये. नंतर बघू म्हणून रेकॉर्ड करणार असाल तर वेव्ह फाइलमध्ये करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजने पाठवलेल्या सुराचं चित्र मागायला माझ्याकडे दोघे येऊन गेले. तिथे आवाज बोलण्यासाठी दाबलेला असतो, चित्राची राख होते.

पाठवणाऱ्यांसाठी एकच: ११४ सेकंद रेडिओ सलग पूर्ण ताकदीने ओकत असतो, बोलण्यासारखा श्वास घेत नाही. मे महिन्यात वॅट निम्म्यावर आणा. परवाना हवा हे वेगळं सांगायला नको.

आता अरुंद पट्ट्याच्या टेलिव्हिजनबद्दल थोडं, कारण जूनपासून मी त्यात शिरलो आहे आणि तिथेही हाच डोंगल नडला. हे हलणारं चित्र: ३२ ओळी, सेकंदाला साडेबारा चित्रं, म्हणजे सेकंदाला ४०० ओळी. पाहायचं निपकोच्या १८८४ च्या चकतीतून. ३२ भोकांची चकती मिनिटाला ७५० फेऱ्यांनी फिरते, मागे लाल एलईडी. इथे १९६ पीपीएमने काही बिघडत नाही, कारण प्रत्येक ओळ आपली खूण घेऊन येते. पण उजेड सुराच्या उंचीत नसून सरळ आवाजाच्या जोरात असतो, म्हणून एसएसटीव्हीला जे चालून जातं ते इथे चालत नाही. डोंगल स्थिर व्होल्टेज पुढे जाऊ देत नाही, म्हणून चेहरा फ्रेममध्ये आला की मागची भिंत काळवंडते. खुणेच्या टोकाला पातळी बांधणारा क्लॅम्प सर्किटमध्ये घातला तेव्हा थांबलं. शिवाय हे डोंगल सिग्नल उलटा करतं. चित्र निगेटिव्ह, आणि खुणा उलट्या झाल्याने चकती जुळतच नाही. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये डोकं घालायच्या आधी प्लेयरमध्ये पोलॅरिटी उलटून बघा.

चकती बघायला अण्णा आले होते. भोकांचा चक्राकार उतार त्यांनी बोटाने तपासला. कापडावरची नक्षी ठरवणाऱ्या जेकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडण्यात त्यांची वीस वर्षं गेली आहेत. "सतरावं भोक खाली गेलंय," म्हणाले. चित्राच्या मधोमध एक काळी रेघ होती आणि मी ती चार दिवस सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो.